स्लॉट कार शर्यतीत गाडी वळणावर सतत उडत असेल तर काय तपासावे

स्लॉट कार शर्यतीच्या मिनीगेममध्ये, म्हणजे मोठ्या गेमच्या आतल्या या छोट्या खेळात, खेळाडूला गाडी वळवावी लागत नाही. गाडी खाचेतून धावते, हाती असतो तो फक्त वेग, आणि वळणावर तो जास्त झाला की गाडी गरगर फिरते व बाकीचे पुढे निघून जातात. निन्टेंडो ६४ या कन्सोलसाठी १९९८ मध्ये आलेल्या पहिल्या मारिओ पार्टीत हा खेळ याच स्वरूपात होता आणि नंतरच्या अनेक पार्टी गेममध्ये त्याच धर्तीचे खेळ येत राहिले. नांदेडमध्ये कंट्रोलर दुरुस्त करताना माझ्याकडे या एका खेळाविषयीची तक्रार वर्षभर येत असते आणि दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्ट्यांनंतर ती विशेष वाढते. तक्रारीचे शब्दही बहुधा तेच असतात : “बाकी सगळे गेम नीट चालतात, फक्त ह्याच्यात गाडी उडते.”

ही तक्रार खरी असते. बहुतेक मिनीगेम स्टिककडून, म्हणजे कंट्रोलरवरच्या अंगठ्याने ढकलायच्या दांडीकडून, फक्त दिशा मागतात. डावीकडे म्हणजे डावीकडे, मग ती अर्धी ढकललेली असो वा पूर्ण. स्लॉट कारच्या खेळात मात्र स्टिक हा ॲक्सिलरेटर असतो, म्हणजे ती किती ढकलली आहे याचे माप गेम प्रत्येक क्षणी घेत असतो. खऱ्या स्लॉट कारच्या हातातल्या ट्रिगरमध्ये एक सरकता संपर्क रोधाच्या पट्टीवरून फिरतो आणि त्यावरून मोटारीला किती वीज मिळणार ते ठरते. आजच्या बहुतेक कंट्रोलरच्या स्टिकमध्येही तसाच सरकता संपर्क कार्बनच्या पट्टीवर फिरतो. ही पट्टी मळली किंवा झिजली की माप चुकते. खऱ्या रुळावर वेग १० टक्क्यांनी वाढला तर वळणावर गाडी धरून ठेवण्यासाठी २१ टक्के जास्त पकड लागते, कारण लागणारी पकड वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गेममधले गणित याहून सोपे असू शकते, पण तिथेही मर्यादा ओलांडली की गाडी जाते, आणि चांगला खेळाडू त्या मर्यादेच्या अगदी जवळून गाडी नेत असतो. म्हणूनच जो दोष इतर खेळांत महिनोन्‌महिने लपून राहतो, तो इथे पहिल्याच फेरीत दिसतो. मूल नीट खेळत नाही असे म्हणण्यापूर्वी, आणि नवा कंट्रोलर विकत घेण्यापूर्वीही, पुढील तपासण्या क्रमाने कराव्यात.

लक्षणे आधी नीट पाहावीत

एक फेरी स्वतः न खेळता फक्त पाहावी आणि बिघाड नेमका कसा दिसतो ते लिहून ठेवावे, कारण पुढचा सगळा मार्ग त्यावर ठरतो. स्टिक अर्धीच ढकललेली असताना गाडी मध्येच झटका घेऊन सुसाट सुटते आणि उडते, हे एक लक्षण. स्टिकला हात नसतानाही गाडी मुंगीच्या पावलाने पुढे सरकते, हे दुसरे. सरळ पट्ट्यावर स्टिक पूर्ण दाबूनही गाडी इतरांच्या मागे पडते, हे तिसरे; याबद्दल तक्रार कमी होते, कारण गाडी उडत नसल्यामुळे खेळाडूला वाटते की आपणच हळू आहोत. चौथे लक्षण म्हणजे स्टिक सोडल्यावर वेग कमी होतो, पण उशिरा, आणि तोपर्यंत वळण येऊन गेलेले असते. पाचवे, गाडी मधूनच क्षणभर ऐकत नाही, जणू हातातला कंट्रोलर सुटला आहे.

याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : त्रास एकालाच होतो की सगळ्यांना? चौथे लक्षण सगळ्यांना दिसत असेल तर कंट्रोलर उघडण्याचे काहीच कारण नाही. दोष जवळजवळ नक्की टीव्हीत आहे.

पहिली तपासणी : कंट्रोलरची अदलाबदल

यासाठी एक रुपयाही लागत नाही, तरीही बहुतेक लोक हीच पायरी गाळतात. ज्याची गाडी उडते त्याचा कंट्रोलर आणि ज्याची नीट चालते त्याचा कंट्रोलर यांची अदलाबदल करावी, बसण्याच्या जागा मात्र तशाच ठेवाव्यात. त्रास कंट्रोलरबरोबर दुसऱ्याच्या हाती गेला तर दोष कंट्रोलरमध्ये आहे. त्रास गेला नाही तर मग जागाही बदलून पाहाव्यात. त्रास त्याच जागेवर राहिला तर ती जागा कन्सोलपासून दूर आहे किंवा मध्ये काही अडथळा आहे. त्रास त्याच माणसाबरोबर राहिला तर तो वळणाआधी स्टिक सोडत नाही, इतकेच. त्याला वेग कमी करण्याची जागा दाखवून द्यावी, यंत्राला हात लावू नये.

येथे एक बारकावा आहे. निन्टेंडो स्विचवर खेळाडूचा क्रमांक कंट्रोलरला चिकटलेला असतो, त्यामुळे कंट्रोलर बदलला की गाडी आणि तिची लेनही बदलते. आतल्या लेनचे वळण बाहेरच्यापेक्षा आवळ असते, तेव्हा दोष लेनचा की स्टिकचा हे निश्चित करायचे असेल तर कंट्रोलर्सच्या मेनूमधील ‘चेंज ग्रिप/ऑर्डर’मध्ये जाऊन क्रम नव्याने लावावा आणि तोच कंट्रोलर वेगळ्या लेनवर चालवून पाहावा.

दुसरी तपासणी : टीव्हीचा गेम मोड

टीव्ही चित्र अधिक सुबक दिसावे म्हणून प्रत्येक फ्रेमवर प्रक्रिया करतो आणि त्या प्रक्रियेला वेळ लागतो. सेकंदाला ६० फ्रेम चालणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम सुमारे १७ मिलिसेकंदांची असते. टीव्हीने १०० मिलिसेकंद घेतले तर खेळाडू सहा फ्रेम जुने चित्र पाहत असतो. अशा वेळी गाडी वळणाच्या तोंडाशी दिसते, पण गेमच्या हिशेबात ती आधीच वळणात शिरलेली असते. गेम मोड लावल्यावर ही प्रक्रिया बरीचशी बंद होते. चित्र ‘गुळगुळीत’ करण्याची सोय वेगळी चालू असेल तर तीही बंद करावी.

आमच्याकडे या तक्रारीचे एक नेहमीचे मूळ आहे. अनेक टीव्हींमध्ये गेम मोडची निवड प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी स्वतंत्र जपली जाते. दिवाळीच्या साफसफाईत टीव्ही भिंतीवरून उतरतो, केबल निघते आणि परत लावताना दुसऱ्याच पोर्टात जाते. मोड जुन्या पोर्टावर राहतो, आणि घरात कोणीही काहीही बदलले नसल्याची सगळ्यांची खात्री असते. काही नवे टीव्ही गेम सुरू होताच मोड आपोआप बदलतात, परंतु तसा इशारा प्रत्येक कन्सोल देत नाही, म्हणून हे डोळ्यांनी तपासलेलेच बरे.

उशीर मोजायचा असल्यास मोबाईलचा स्लो मोशन कॅमेरा पुरतो. अंगठा आणि टीव्ही दोन्ही एका चौकटीत घ्यावेत आणि २४० फ्रेमच्या गतीने चित्रण करावे. अंगठा हलल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजावे. प्रत्येक फ्रेम सुमारे चार मिलिसेकंदांची असते. ही मोजणी गाडीवर न करता मेनूतल्या कर्सरवर करावी, कारण गाडीला गेमनेच जडत्व दिलेले असते आणि तिचा वेग बदलायला मुळातच वेळ लागतो. गेम मोड बंद व चालू अशा दोन्ही स्थितींत मोजले की फरक हाती येतो. आवाज ब्लूटूथ स्पीकरवर जात असेल तर तोही उशिरा येतो. जो खेळाडू मोटारीच्या आवाजावरून वेग ओळखतो त्याने शर्यतीपुरता टीव्हीचाच आवाज वापरावा.

तिसरी तपासणी : अंतर, अडथळे आणि बॅटरी

पाचव्या लक्षणासाठी ही पायरी आहे. बिनतारी कंट्रोलर २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात बोलतात. घरातला वायफाय राऊटर बहुधा त्याच पट्ट्यात असतो आणि मायक्रोवेव्हही तिथेच गोंगाट करतो. कन्सोलला जोडलेल्या यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कमधूनही या पट्ट्यात गोंगाट येतो, म्हणून ती काढून एक शर्यत खेळून पाहावी. माणसाचे शरीर या लहरी शोषून घेते. चार मुले एकमेकांना खेटून, कंट्रोलर मांडीत धरून बसली की मागच्याचा संदेश पुढच्याच्या पाठीत अडतो. कन्सोल शोकेसच्या बंद कप्प्यात किंवा टीव्हीच्या पाठीमागे असेल तर तो बाहेर, उघड्यावर ठेवावा. कंट्रोलर पूर्ण चार्ज करावा आणि कन्सोलच्या सेटिंगमध्ये ‘अपडेट कंट्रोलर्स’ असा पर्याय असेल तर तो एकदा चालवावा.

चौथी तपासणी : स्टिकचा ठिपका वाचणे

सगळ्या तपासण्यांत मी सर्वाधिक वेळ इथे देतो, आणि इतरांनीही द्यावा. निन्टेंडो स्विचमध्ये सिस्टिम सेटिंग्ज, त्यात ‘कंट्रोलर्स अँड सेन्सर्स’ आणि त्यात ‘कॅलिब्रेट कंट्रोल स्टिक्स’ असा मार्ग आहे. विंडोजच्या संगणकावर गेम कंट्रोलरच्या गुणधर्मांत अशीच चाचणी मिळते. तिथे एक आकृती आणि तिच्यात ठिपका दिसतो. हा ठिपका म्हणजे स्टिकने पाठवलेले माप. कॅलिब्रेशनचे, म्हणजे स्टिकचा मध्य व काठ नव्याने ठरवून देण्याचे, बटण लगेच दाबू नये. आधी ठिपका काय सांगतो ते पाहावे.

स्टिक सोडून द्यावी. ठिपका मध्यावर शांत उभा राहिला पाहिजे. तो मध्यापासून थोडा बाजूला, पण एकाच जागी स्थिर राहत असेल तर दुसरे लक्षण, म्हणजे आपोआप सरकणारी गाडी, समजून येते आणि ते कॅलिब्रेशनने जाण्याची चांगली शक्यता असते. आता स्टिक वर ढकलून सोडावी, मग खाली, मग डावीकडे, उजवीकडे. चारही वेळा ठिपका एकाच जागी परतला पाहिजे. वरून सोडल्यावर एकीकडे आणि खालून सोडल्यावर दुसरीकडे थांबत असेल तर आतली स्प्रिंग किंवा पट्टी थकली आहे, आणि कॅलिब्रेशनने त्यावर तात्पुरतेच पांघरूण पडेल.

यानंतर स्टिक मध्यापासून काठापर्यंत अगदी सावकाश न्यावी, दहा आकडे मोजत. ठिपका त्याच संथपणे सरकला पाहिजे. मधल्या एखाद्या जागी तो अडखळून एकदम पुढे उडी मारत असेल, आणि परत येतानाही त्याच जागी अडखळत असेल, तर पहिल्या लक्षणाचे मूळ सापडले. स्लॉट कार खेळणाऱ्याची स्टिक बहुतेक वेळ अर्ध्या ते पाऊण अंतराच्या मध्ये असते, त्यामुळे नेमका तोच भाग आधी खराब होतो. शेवटी स्टिक काठाला टेकवून धरावी. ठिपका काठापर्यंत जात नसेल तर गाडीला पूर्ण वेग कधीच मिळणार नाही. तिसरे लक्षण इथून येते.

यानंतरच कॅलिब्रेशन करावे. स्क्रीनवरील सूचना पाळाव्यात आणि स्टिक सगळ्या दिशांना पूर्ण टेकवावी, कारण अर्धवट फिरवून केलेले कॅलिब्रेशन मूळ स्थितीपेक्षा वाईट ठरते. मग पुन्हा ठिपका पाहावा. उडी कायम असेल तर कॅलिब्रेशन परत परत करू नये. त्याने उडी जात नाही.

जुने निन्टेंडो ६४ अजून जपून ठेवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या कन्सोलला चालू होताना स्टिक जिथे असेल तीच मध्याची जागा वाटते, म्हणून चालू करताना स्टिकला हात लावू नये. चूक झाली तर एल, आर आणि स्टार्ट ही बटणे एकत्र दाबल्यावर मध्य नव्याने ठरतो. दुसरे, त्या स्टिकमध्ये कार्बनची पट्टी नसून खाचा असलेल्या दोन चकत्या प्रकाशाच्या साहाय्याने मोजल्या जातात. तिथे झिजते ते खालच्या वाटीचे प्लास्टिक, आणि उघडल्यावर त्याची पांढरी भुकटी दिसते. पहिल्या मारिओ पार्टीतल्या काही मिनीगेममध्ये स्टिक जोरात गोल फिरवावी लागे. मुले ती तळहाताने फिरवीत आणि हात सोलून निघत, इतके की २००० साली न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलशी झालेल्या समझोत्यानुसार कंपनीने हातमोजे देऊ केले. त्या खेळांनी झिजवलेली स्टिकच पुढे स्लॉट कारच्या शर्यतीत वापरली जाते. तळहात लावू नये असे मी मुलांना आवर्जून सांगतो. हातासाठीही आणि स्टिकसाठीही.

पाचवी तपासणी : न उघडता स्वच्छता

मराठवाड्यात फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत बारीक कोरडी धूळ घरभर असते, आणि उन्हाळ्यात जी खोली खेळाची तीच कूलरची. कूलरच्या ओलसर झोतात ती धूळ स्टिकच्या बुडाशी बसते आणि चिकटते. त्यात चिवड्याचे तेलकट बोट लागले की टोपीखाली काळपट-करडी खळ तयार होते. भिंगाखाली ती स्पष्ट दिसते : स्टिकच्या दांड्याभोवती एक कडे, आणि टोपी जिथे सर्वाधिक झुकते तिथे ते कडे जाड.

कंट्रोलर पूर्ण बंद करावा. मऊ ब्रशने वरची धूळ झाडावी आणि हातपंपाच्या ब्लोअरने फुंकर मारावी. तोंडाने फुंकू नये, कारण त्यातून लाळ आत जाते. स्टिकच्या बुडाशी रबरी झालर असेल तर लाकडी काडीने ती हलकेच उचलावी, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात मिळणारे ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल काडीच्या टोकाने थेंबभर सोडावे आणि स्टिक सगळीकडे सावकाश फिरवावी. अर्धा तास वाळू द्यावे, मग ठिपका पुन्हा वाचावा. उडी नाहीशी झाली किंवा बरीच कमी झाली तर दोष मळाचा होता. काही दिवसांतच ती परत आली तर पट्टीच झिजली आहे आणि आता स्वच्छतेचा उपयोग नाही.

हँड सॅनिटायझर वापरू नये, कारण त्यात पाणी आणि बहुधा ग्लिसरीन असते. खोबरेल तेल, रॉकेल, शिलाई मशीनचे तेल यांतले काहीही वापरू नये. तेलाने स्टिक तासभर मऊ वाटते आणि मग सगळी धूळ ओढून घेते. अशी तेल पाजलेली स्टिक माझ्याकडे आली की ती बदलण्यावाचून पर्याय उरत नाही.

सहावी पायरी : स्टिक बदलणे, आणि कोणी बदलावी

स्विचच्या जॉय-कॉनमध्ये, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या छोट्या कंट्रोलरमध्ये, स्टिक बोर्डाला झाळलेली नसते, रिबन पट्टीने जोडलेली असते. हात स्थिर असेल, तीन पात्यांच्या खाचेचा योग्य स्क्रूड्रायव्हर असेल आणि बॅटरीची जोडणी आधी सोडवण्याची शिस्त असेल तर हे काम घरी होऊ शकते. रिबनचा खटका वर उचलायचा असतो, रिबन ओढायची नसते. जास्तीत जास्त कंट्रोलर याच जागी कायमचे जातात. नव्या भागाची निवड जपून करावी. स्वस्त स्टिक पहिल्याच दिवशी काठापर्यंत पोहोचत नाही, असेही आढळते. चुंबकीय संवेदकाच्या, म्हणजे हॉल इफेक्ट स्टिकमध्ये घासणारा संपर्क नसतो, त्यामुळे ही झीज तिला होत नाही. स्लॉट कारच्या शौकिनाने थोडे जास्त पैसे देऊन ती घेतलेली मला योग्य वाटते. ती बसवल्यावर कॅलिब्रेशन करावेच लागते. नांदेड, परभणी, हिंगोलीकडच्या लोकांना सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवण्यापेक्षा सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमधून आणणे जवळचे पडते. तिथे भाग विकत घेण्यापूर्वी दुकानातच जोडून ठिपका दाखवण्यास सांगावे.

पुढील परिस्थितीत मात्र स्वतः काही करू नये. कंट्रोलरची पाठ फुगलेली दिसत असेल, तो चार्ज होताना नेहमीपेक्षा जास्त तापत असेल किंवा जळका वास येत असेल तर चार्जिंग ताबडतोब थांबवावे, दाबून सपाट करण्याचा प्रयत्न करू नये आणि तो कारागिराकडे न्यावा. लिथियमची फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. आत चहा किंवा सरबत गेले असेल तर चालू करून पाहू नये. दुकानदाराची हमी शिल्लक असेल तर स्क्रूला हात लावण्यापूर्वी त्याला विचारावे, कारण आपल्याकडचे बरेच कन्सोल बाहेरून आणलेले असतात आणि दुकानदाराने दिलेली हमी हीच काय ती हमी असते. प्लेस्टेशन व एक्सबॉक्सच्या बहुतेक कंट्रोलरमध्ये आणि त्यांच्या धर्तीच्या स्वस्त यूएसबी कंट्रोलरमध्ये स्टिक थेट बोर्डाला झाळलेली असते. ती काढण्यासाठी सगळ्या पायांवरचे कथील एकाच वेळी वितळवावे लागते आणि साध्या सोल्डरिंग गनने ओढाताण केली तर बोर्डावरचा तांब्याचा मार्ग उखडतो; हे काम ज्याच्याकडे गरम हवेचे यंत्र व सराव आहे त्याचेच आहे. एखादा स्क्रू निसटून त्याची खाच गोल झाली, तरी तिथेच थांबावे.

खर्चाबद्दल मी सरळ सांगतो : दुरुस्तीचा आकडा नव्या कंट्रोलरच्या निम्म्यापुढे गेला तर दुरुस्ती करू नये, आणि असे सांगणे हे कारागिराचेही काम आहे.

कारागिराकडे जाताना ‘गाडी उडते’ एवढेच सांगू नये. ठिपका स्थिर आहे पण बाजूला आहे, ठराविक जागी उडी मारतो किंवा काठापर्यंत जात नाही, यांपैकी काय दिसले ते सांगावे, आणि शक्य असल्यास मोबाईलवर त्याचे चित्रण दाखवावे. अदलाबदल, गेम मोड आणि स्वच्छता झाली आहे हेही सांगावे, म्हणजे त्याच तपासण्यांचे पैसे पुन्हा लागत नाहीत. काम झाल्यावर दुकानातच सावकाश ढकलण्याची चाचणी आपल्या हाताने करावी आणि काढलेली जुनी स्टिक मागून घ्यावी.